दिब्रुगढची सकाळ आणि द्वारकेची सकाळ



आपल्या वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा आहे. त्याच्या उजव्या टोकाकडे बोट न्या. तिथे आसाम राज्य आहे. आसामात ब्रह्मपुत्रा नदीच्या काठी दिब्रुगढ हे शहर आहे. आता बोट सरळ डाव्या टोकाला न्या. तिथे गुजरातने समुद्रात तोंड उघडल्यासारखे दिसते. त्या तोंडाच्या खालच्या जबड्याच्या अगदी टोकाशी द्वारका आहे. दोन्ही गावे आपल्याच देशातली. दोन्हीकडे झेंडा एक, रुपया एक आणि घड्याळही एकच. दिब्रुगढला सहा वाजले की द्वारकेलाही सहाच वाजतात.

पण सूर्य काही घड्याळ बघून उगवत नाही. जून महिन्यात दिब्रुगढला सूर्य वर येतो तेव्हा द्वारकेची माणसं अजून गाढ झोपलेली असतात. असे का होते आणि त्यामुळे तिथल्या लोकांना काय काय करावे लागते, ते मी या लेखात सांगणार आहे.

चेंडू आणि बॅटरी

आमच्या गुरुजींनी वर्गाच्या खिडक्या लावून अंधार केला. एक मोठा चेंडू घेतला. त्याच्यावर दोन टिकल्या चिकटवल्या, उजवीकडे लाल आणि डावीकडे हिरवी. लाल म्हणजे दिब्रुगढ आणि हिरवी म्हणजे द्वारका. मग एका मुलाला उजव्या बाजूला बॅटरी घेऊन उभे केले. बॅटरी म्हणजे सूर्य. गुरुजींनी चेंडू हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवला. आधी लाल टिकली उजेडात आली. हिरवी टिकली अजून अंधारातच होती. थोडे आणखी फिरवल्यावर तीही उजेडात आली.

पृथ्वी अशीच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून पूर्वेकडच्या गावांना सूर्य आधी दिसतो आणि पश्चिमेकडच्या गावांना नंतर दिसतो. संध्याकाळीही तसेच होते. दिब्रुगढला दिवे लागतात तेव्हा द्वारकेला अजून ऊन असते.

आता थोडे गणित

पृथ्वीगोलावर उभ्या रेघा असतात. त्यांना रेखावृत्ते म्हणतात. ती एकंदर ३६० अंशांत मोजतात. पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते. ३६० ला २४ ने भागले की १५ येतात. म्हणजे एका तासात पृथ्वी १५ अंश फिरते. एका तासाची मिनिटे ६०. साठाला पंधराने भागले की ४ येतात. म्हणजे एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

दिब्रुगढ ९५ अंशांजवळ आहे. द्वारका ६९ अंशांजवळ आहे. ९५ मधून ६९ वजा केले की २६ उरतात. २६ गुणिले ४ म्हणजे १०४ मिनिटे. म्हणजे १ तास ४४ मिनिटे! एकाच देशातल्या दोन गावांच्या सूर्यात इतका फरक आहे.

मग एकच घड्याळ कशाला?

पूर्वी असे नव्हते. ज्याच्या त्याच्या गावची वेळ वेगळी असे. सूर्य सर्वांत उंच आला की बारा वाजले, असा साधा हिशेब होता. याला स्थानिक वेळ म्हणतात. बैलगाडीने प्रवास करायचा असेल तर या वेळेने काही अडत नाही. पण आगगाडी आली आणि घोटाळा सुरू झाला. एका स्टेशनात नऊ वाजले आणि दुसऱ्या स्टेशनात साडेनऊ, तर गाडी कोणत्या वेळेला सुटली म्हणायची? एकाच रुळावरून दोन्ही बाजूंनी गाड्या येतात. त्यांच्या वेळा नीट जुळल्या नाहीत तर माणसे मरतील.

म्हणून १९०६ पासून साऱ्या भारतासाठी एक प्रमाणवेळ ठरवली. नकाशाच्या साधारण मधून, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून, साडेब्याऐंशी अंशांची रेघ जाते. त्या रेघेवरची वेळ तीच सर्वांची वेळ. तरीपण सगळ्यांनी ती लगेच मानली नाही. कलकत्त्यात १९४८ पर्यंत वेगळी वेळ चालू होती. आपल्या मुंबईत तर १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालत होता. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. घड्याळ बदलणे लोकांना जड जाते, हे यावरून कळते.

दिब्रुगढची माणसं

माझे धाकटे काका फौजेत आहेत. त्यांची नेमणूक आसामात होती. ते सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांना खूप प्रश्न विचारले.

दिब्रुगढच्या आसपास जिकडे पाहावे तिकडे चहाचे मळे आहेत. तिकडे त्यांना बागान म्हणतात. आपल्याकडे उसाचे फड असतात तसे तिकडे चहाचे हिरवेगार गालिचे. झाडे कमरेएवढीच ठेवतात. बायका पाठीवर टोपली घेऊन दोन पाने आणि एक कळी अशी खुडतात. मग पानांचे वजन होते. मळ्यात काम करणाऱ्या पुष्कळ लोकांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात छोटा नागपूर, ओडिशा अशा दूरच्या भागांतून आणलेले होते. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या हंगाम संपला की घरी जातात. ते लोक मात्र तिथेच राहिले.

ब्रह्मपुत्रा इतकी रुंद आहे की पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही, असे काका म्हणाले. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसामात फार मोठा भूकंप झाला. त्यानंतर नदीचा तळ उंच झाला आणि नदीने दिब्रुगढ शहराचा बराच भाग खाऊन टाकला. मग बांध घातला. आता दिब्रुगढजवळ बोगीबील पूल आहे. तो जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी आणि वरून मोटारी जातात. तो २५ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाला. त्याच्या आधी लोक नावेतून पलीकडे जात.

पण मला सर्वांत गंमत वाटली ती वेळेची. काका म्हणाले, “अगं, तिथं दोन घड्याळं ध्यानात ठेवावी लागतात. बाजारात नि स्टेशनात सरकारी टाइम, आणि चहाच्या मळ्यात बागान टाइम.”

बागान टाइम सरकारी वेळेच्या एक तास पुढे असतो. सरकारी घड्याळात सात वाजले की मळ्यात आठ वाजतात. ही रीत इंग्रज मळेवाल्यांच्या वेळेपासून आहे आणि अनेक मळ्यांत अजून चालू आहे. ती का पडली ते ऐका. हिवाळ्यात तिकडे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. समजा, मळ्याच्या घड्याळात आठला काम सुरू झाले आणि चारला सुटले. तेव्हा सरकारी घड्याळात तीनच वाजलेले असतात. म्हणजे कामाला लागलेल्या बाईला घरी जाऊन पाणी भरायला, सरपण आणायला, पोरांना बघायला दिवसाचा उजेड मिळतो. घड्याळ पुढे नसते तर तिला अंधारातच घरी जावे लागले असते.

एकदा डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजता काकांनी आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ कॉल केला. आमच्या अंगणात ऊन होते आणि आम्ही लंगडी खेळत होतो. काकांच्या मागे मात्र काळाकुट्ट अंधार होता. आईने विचारले, “भावजी, जेवण झालं का?”

द्वारकेची माणसं

द्वारकेची माहिती मला आजीने सांगितली. ती गावातल्या बायकांबरोबर यात्रेला गेली होती. आपला विठोबा द्वारकेहून पंढरपूरला आला अशी कथा आहे. म्हणून आजीला द्वारका बघायचीच होती.

द्वारकेला गोमती नदी समुद्राला मिळते. तिथे द्वारकाधीशाचे उंच देऊळ आहे. देवळाच्या शिखरावर बावन्न गजांची ध्वजा असते. ती दिवसातून अनेक वेळा बदलतात. गावाच्या टोकाला दीपगृह आहे. जवळच ओखा बंदर आहे. तिथून कोळी लोक मासेमारीला जातात. समोर बेट द्वारका आहे. आजी गेली तेव्हा नावेतून गेली. आता तिथे सुदर्शन सेतू नावाचा पूल आहे. तो २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मिठापूर नावाच्या गावाला मीठ आणि सोडा तयार होतो. पाऊस कमी, ऊन कडक, जमीन सपाट, म्हणून मीठ चांगले वाळते. शेतात भुईमूग आणि बाजरी पिकते. आजी म्हणाली, “बाजरीची भाकरी आपल्यावाणीच, पर तिला रोटलो म्हणत्यात.”

आजी मार्गशीर्षात गेली होती. पहाटेच्या आरतीला गेली तेव्हा अंधार होता. आरती आटोपून गोमतीच्या घाटावर आली तरी नुसतं झुंजुमुंजू होतं. आजीला वाटले अजून साडेपाच-सहा वाजले असतील. पण एकीच्या हातात घड्याळ होते. त्यात सात वाजून गेले होते! आजी म्हणाली, “तिथला सूर्यनारायण लई सावकाश उठतो बघ. पर मावळाया बी घाई करत न्हाई.”

ते खरे आहे. द्वारकेला जूनमध्ये रात्री पावणेआठला सूर्य बुडतो. दिवसभर इतके कडक ऊन असते की कोणाला बाहेर जावेसे वाटत नाही. मग दुपारी दुकाने बंद करून लोक विसावा घेतात आणि संध्याकाळी बाजाराला जातात. लांबलेली संध्याकाळ त्यांच्या उपयोगी पडते. पण थंडीत सकाळी सातची शाळा असेल तर त्या पोरांना अंधारातच दप्तर घेऊन निघावे लागेल.

तक्ता

हे आकडे गुरुजींनी मोबाईलवर बघून आम्हाला दिले. एक-दोन मिनिटे इकडे-तिकडे होतील. सगळ्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे आहेत.

२२ जून (सर्वांत मोठा दिवस)
दिब्रुगढ : सूर्य उगवतो ४ वाजून १६ मिनिटांनी, मावळतो संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी.
आमचा सातारा जिल्हा : उगवतो ६ वाजून १ मिनिटाने, मावळतो ७ वाजून ११ मिनिटांनी.
द्वारका : उगवतो ६ वाजून ११ मिनिटांनी, मावळतो ७ वाजून ४१ मिनिटांनी.

२२ डिसेंबर (सर्वांत लहान दिवस)
दिब्रुगढ : उगवतो ५ वाजून ५६ मिनिटांनी, मावळतो दुपारी ४ वाजून २१ मिनिटांनी.
आमचा सातारा जिल्हा : उगवतो ७ वाजता, मावळतो संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी.
द्वारका : उगवतो ७ वाजून २९ मिनिटांनी, मावळतो संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी.

हुशार मुले विचारतील की गणितात १ तास ४४ मिनिटे आली आणि तक्त्यात जूनच्या सकाळचा फरक १ तास ५५ मिनिटे का? त्याचे कारण असे, की दिब्रुगढ द्वारकेपेक्षा थोडे उत्तरेलाही आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस जास्त मोठा आणि हिवाळ्यातला दिवस जास्त लहान असतो. पण मार्चच्या २१ तारखेला दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते. त्या दिवशी दिब्रुगढला सव्वापाचला आणि द्वारकेला सातला दोन मिनिटे कमी असताना सूर्य उगवतो. तेव्हा फरक १ तास ४४ मिनिटांच्या आसपासच येतो. गणित बरोबर आहे.

शेजाऱ्यांची घड्याळे

बांगलादेश दिब्रुगढच्या पश्चिमेला आहे. म्हणजे तिथे सूर्य दिब्रुगढनंतर उगवतो. तरीपण बांगलादेशाचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे! भूतानचेही तसेच. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे फक्त पाव तास आहे. द्वारकेच्या बाजूला समुद्रापलीकडे पाकिस्तान आहे. त्यांचे घड्याळ आपल्या मागे अर्धा तास आहे. रशियात तर ११ वेगवेगळ्या वेळा आहेत. उलट चीन आपल्यापेक्षा किती रुंद, पण तिथे सगळीकडे एकच वेळ आहे. म्हणजे घड्याळ सूर्याने दिलेले नाही. ते माणसांनी मिळून ठरवलेले असते.

भारताने दोन वेळा कराव्यात का?

आसामातले पुष्कळ लोक म्हणतात की आम्हाला वेगळी वेळ द्या. सरकारी कचेऱ्या आणि शाळा उघडेपर्यंत अर्धी सकाळ वाया जाते, आणि संध्याकाळी लवकर दिवे लावून वीज खर्च होते. २०१४ साली आसामच्या मुख्यमंत्र्यांनीही अशी मागणी केली होती. दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. तिथे फार अचूक घड्याळे आहेत. तीच आपल्या देशाची वेळ सांभाळतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली लिहिले की भारतात दोन वेळा करता येतील. आसाम आणि पश्चिम बंगालच्या सीमेवर घड्याळ एक तास पुढे करायचे. तिथे स्टेशने थोडी आहेत म्हणून घोटाळा कमी होईल, असे त्यांचे म्हणणे.

पण दुसरे लोक म्हणतात की आगगाड्यांचा गोंधळ होईल आणि देशात दोन वेळा नकोत. ओखा ते गुवाहाटी अशी एक गाडी आहे. ती द्वारकेलाही थांबते. तिच्यात बसलेल्या माणसाला मध्येच घड्याळ बदलावे लागेल. सरकारने अजून एकच वेळ ठेवली आहे. या विषयावर आमच्या वर्गात वादविवाद झाला. अकरा मुले एका वेळेच्या बाजूने आणि नऊ मुले दोन वेळांच्या बाजूने होती.

याचा आपल्याशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आसाम कुठे, गुजरात कुठे, आपल्याला काय त्याचे? पण संबंध आहे. साताऱ्याजवळून ७४ अंशांची रेघ जाते. मिर्झापूरची रेघ साडेब्याऐंशी. फरक साडेआठ अंश. साडेआठ गुणिले चार म्हणजे ३४ मिनिटे. म्हणजे आपल्याकडे सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात बारा नाही, साधारण बारा चौतीस वाजलेले असतात. आम्ही हे करून बघितले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झेंड्याच्या खांबाची सावली बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खडूने आखली. सर्वांत आखूड सावली बारा पस्तीसची निघाली! कधी कधी पृथ्वीच्या फिरण्यामुळे यात पाच-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, पण डिसेंबरच्या शेवटी तो अगदी थोडा असतो, असे गुरुजींनी सांगितले.

आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे. आमच्या मळ्यात मोटरीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बाबा जेवून काठी आणि बॅटरी घेऊन दारे धरायला जातात. गव्हात पाणी सोडताना पायाखाली साप असला तरी दिसत नाही. आई दर वेळी सांगते, “बूट घालून जावा.” ते परत येईपर्यंत ती झोपत नाही, आणि मीसुद्धा जागी असते. सगळ्यांना एकदम वीज पुरत नाही म्हणून पाळ्या करतात, हे मला बाबांनी समजावले. पण ती पाळी घड्याळ बघून ठरवलेली आहे, उजेड बघून नाही.

दिब्रुगढच्या मळ्यांनी काय केले? देशाचे घड्याळ मोडले नाही. स्टेशनात जाताना ते सरकारी वेळच पाळतात. फक्त कामाचे तास उजेडाकडे सरकवले. मला वाटते हेच बरोबर आहे. देशाचे घड्याळ एक असू दे, म्हणजे गाड्या आणि कचेऱ्या चुकणार नाहीत. पण कोणत्या गावाने किती वाजता शाळा भरवायची, किती वाजता कामाला जायचे, शेताला पाणी कधी द्यायचे, हे तिथला सूर्य आणि तिथली माणसे बघून ठरवावे. दिब्रुगढच्या मुलांची शाळा लवकर भरली तर त्यांना सुटल्यावर उजेडात खेळायला मिळेल. द्वारकेच्या मुलांची थंडीत थोडी उशिरा भरली तर त्यांना अंधारात चालावे लागणार नाही. आणि आमच्या गावाला दिवसा लाईट मिळाली तर माझे बाबा रात्री घरी झोपतील.

तुम्हीही करून पाहा

सुट्टीत मामाच्या गावाला जाल तेव्हा नकाशात त्या गावाचा अंश बघा. आपल्या गावाच्या अंशाशी वजाबाकी करा आणि चारने गुणा. रत्नागिरी ७३ अंशांजवळ आणि चंद्रपूर ७९ अंशांजवळ आहे. सांगा पाहू, आपल्या महाराष्ट्रातच सूर्याचा किती मिनिटांचा फरक पडला? उत्तर या भित्तिपत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात उलटे लिहिले आहे. आधी करा, मग बघा.

लेखन : इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी
(कोपऱ्यातले उत्तर : ६ गुणिले ४ = २४ मिनिटे)